पडद्यावरचा रॉकी आणि ड्रम्समागचा माणूस

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आधीच माफी मागतो. पण गेल्या गणपतीत घरी, म्हणजे दापोलीजवळच्या मुरुडला, 'तीसरी मंझिल' (१९६६) पाहिला आणि लिहावंसं वाटलं.

शम्मी कपूर त्यात रॉकी, हॉटेलातल्या बॅण्डचा ड्रमर. टाळ्या, शिट्ट्या, पोरी सगळं त्याला. खरे ड्रम्स वाजवले लेस्ली गोदिन्हो यांनी, संगीत आर. डी. बर्मन यांचं. मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रांत तेव्हा गोव्याचे वादक भरपूर. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकवायचे, त्यामुळे कागद समोर ठेवला की हे वाजवायला तयार. हॉटेलात जाझ, स्टुडिओत सिनेमा.

ड्रमरचं काम सोपं वाटतं ना? मग आज मेसच्या टेबलावर करून बघा. एक ते आठ मोजा. उजवा हात प्रत्येक आकड्यावर. उजवा पाय एक आणि पाचवर. डावा हात फक्त तीन आणि सातवर. हा रॉकचा साधा ठेका. माझा डावा हात पहिले दोन दिवस पायाच्याच मागे पळत होता. (रूममेटने शेवटी ताट काढून घेतलं.) आपला केरवाही आठच मात्रांचा, पण इथे तीन आणि सातवर जोर दिला की सगळी चालच बदलते.

आणि त्या काळी रेकॉर्डिंग म्हणजे गायक, व्हायोलिनवाले, ड्रमर सगळे एकदम. आजच्यासारखं तुकडे जोडणं नाही. एक जण चुकला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे जो ड्रमर सगळ्यांना लयीत धरून ठेवायचा, त्याला घसरायची मुभाच नाही. पैसे रेकॉर्डिंगमागे मिळायचे. नाव ना पडद्यावर, ना रेकॉर्डच्या कव्हरवर. मला हे लागलं, कारण रॉकीचं नाव मला लहानपणापासून पाठ होतं.

दुसऱ्या रात्री वाडीत जाखडी होती. मृदंगावर नेहमीचेच म्हातारबाबा. मी त्यांना दरवर्षी ऐकतो, घरी आम्ही त्यांना 'मृदंगवाले' म्हणतो, बस्स. नाच थांबल्यावर जवळ गेलो आणि म्हटलं, "आजोबा, तुमचं नाव काय?"

त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे निरखून बघत विचारलं, "आणि तू रे कोणाचा?"