इर्शाळवाडीत पुन्हा शोध घेता येईल?

प्रश्न : १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, चारच दिवसांत शोध थांबला. आता खणून कोणाची ओळख पटेल का? – एक वाचक, कर्जत

उत्तर : हो, पटू शकते. तेव्हा २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. दमट मातीत मांस टिकत नाही. दाढा आणि मांडीचे हाड मात्र डीएनए बराच काळ जपतात. आई-वडील किंवा मुलांच्या नमुन्याशी तो जुळवतात. खोदकाम पावसाळ्यानंतर, उतार तपासूनच व्हावे. यंत्राने वरचा राडारोडा काढावा. घरांच्या जागी थराथराने हातांनी खणून माती चाळावी. ओढ्यात हाड दिसले तर उचलू नका, खूण करून पोलिसांना कळवा. नातेवाइकांनी आपले नमुने आत्ताच जतन करण्याची मागणी लावून धरावी.