प्रकाशानें घडणारी रासायनिक क्रिया

प्रकाशामुळें वस्तु दिसते हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु पुष्कळदां त्याच प्रकाशानें ती बदलतेहि. उन्हांत कापडाचा रंग विटतो, तो यामुळेंच. धातूचा अणु कार्बनशीं जोडलेला असतो अशा संयुगांत ही क्रिया फार स्पष्ट दिसते.

लोह व कार्बन मोनॉक्साइड यांचें एक संयुग १८९१ सालीं लुडविग मॉन्ड व त्यांचे सहकारी यांनीं, आणि स्वतंत्रपणें बर्थेलो यांनीं, शोधून काढलें. त्याच्या रेणूंत लोहाच्या एका अणूभोंवतीं कार्बन मोनॉक्साइडचे पांच रेणु असतात. हा पिवळा द्रव अतिशय विषारी असून सुमारें १०३ अंश सेंटिग्रेडला उकळतो. अंधारांत तो टिकतो. उन्हांत ठेविल्यास मात्र त्यांतून वायु सुटूं लागतो व सोनेरी स्फटिक तळाशीं बसतात.

असें कां व्हावें? प्रकाश लहान लहान कणांच्या रूपानें शोषिला जातो. तांबड्या किरणांच्या कणांत शक्ति कमी, जांभळ्यांच्या कणांत अधिक. जो किरण शोषिला जात नाहीं, तो कांहींच कार्य करीत नाहीं, हें ग्रोटहुस यांनीं १८१७ सालींच सांगितलें होतें. पिवळा द्रव निळे व जांभळे किरण शोषितो. त्या शक्तीनें रेणूंतील एक विद्युत्कण वरच्या पायरीवर चढतो, व लोह-कार्बनमधील एक बंध तुटतो. पांचांपैकीं एक सोबती निघून गेल्यानें लोहाजवळ एक जागा रिकामी पडते. असा अपुरा रेणु शेजारच्या पूर्ण रेणूस जाऊन मिळतो, व सोनेरी स्फटिक तयार होतात. त्या रिकाम्या जागीं दुसरा पदार्थहि बसवितां येतो. म्हणून भट्टी न पेटवितां, केवळ दिव्याच्या उजेडांत नवीं संयुगें घडविण्यास रसायनशास्त्रज्ञ या युक्तीचा उपयोग करितात.

उष्णता सर्व रेणूंस सरसकट हलविते. प्रकाश, जो रेणु त्यास शोषूं शकतो, त्यालाच गांठतो. हाच या दोहोंतील मुख्य भेद होय.

ही गोष्ट आपल्या घरांतील औषधांसहि लागू पडते. ब-१२ जीवनसत्त्वाची रचना डॉरोथी हॉजकिन यांनीं १९५६ च्या सुमारास उलगडली. १९६४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या मेथिलकोबालॅमिन या रूपांत कोबाल्टचा अणु कार्बनशीं जोडलेला असतो. उजेड लागतांच हा बंध तुटून औषधाचें मूळ रूप पालटतें. तपकिरी कांच घातक किरण बव्हंशीं अडविते. म्हणून असें औषध तपकिरी कुपींत भरतात. ती कुपी खिडकींत न ठेवितां कपाटांतच ठेवावी.