घरातील समुद्र आणि त्यातील न दिसणारे विष

पांढुर्णा-सौंसर भागात विंचू कोणास ठाऊक नाही? संत्र्याच्या बागेत दगड उचलताना, गोवऱ्यांच्या ढिगात हात घालताना वा पायताण पायांत सरकवताना जो तो सावध असतो. ही सावधगिरी वडीलधाऱ्यांकडून चालत आलेली आहे. परंतु ज्या विषारी जीवास नांगी दिसत नाही आणि जो आपण स्वतः पैसे मोजून दिवाणखान्यात आणून ठेवतो, त्याविषयी वडीलधाऱ्यांनी काही सांगून ठेवलेले नाही. अशाच एका जीवाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

गोड्या पाण्यात रंगीत मासे पाळण्याचा छंद आपणांस परिचित आहे. खाऱ्या पाण्याचे मत्स्यपात्र ही त्यापुढील पायरी होय. विशिष्ट क्षार विरघळवून समुद्राचे पाणी घरी तयार करता येते. त्यामुळे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावातही प्रवाळखडकाचा देखावा काचेच्या पेटीत उभा राहू शकतो. या देखाव्यासाठी जे जीव आवडीने घेतले जातात, त्यांत झोअँथिड हा एक वर्ग आहे. खडकावर बटणे चिकटवावीत तसे त्यांचे गोल देह दाटीने बसलेले असतात व प्रत्येकाच्या कडेला बारीक झालर असते. हिरव्या, केशरी, जांभळ्या रंगांमुळे ती फुलेच भासतात. वस्तुतः ते प्राणी आहेत. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतितीव्र विष असते. कोणत्या वसाहतीत ते आहे व कोणत्या नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. यास्तव सर्वच विषारी समजून वागावे.

हवाई बेटांपैकी माउई बेटावर, हाना येथे, भाल्यांची टोके विषारी करण्यासाठी तेथील लोक एका 'शैवाला'चा उपयोग करीत, अशी कथा आहे. ते शैवाल नसून याच वर्गातील प्राणी निघाला. मूर व शॉयर या संशोधकांनी त्यातील विष वेगळे केल्याचे १९७१ साली प्रसिद्ध केले. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा व पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. पॅलिटॉक्सिन त्या पंपाचे सताड उघडे दार करून टाकते. क्षारांचा तोल ढळतो आणि स्नायू व हृदय यांचे कार्य बिघडते.

प्रवाळाच्या उष्ण समुद्रापासून अतिशय दूर, अमेरिकेच्या अलास्का राज्यातील अँकरेज शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये एक गृहस्थ रुग्णालयात आले. तोंडात कडवट, धातूसारखी चव, ताप, अशक्तपणा, खोकला आणि स्नायुदुखी अशी त्यांची तक्रार होती. घरच्या मत्स्यपात्रात झोअँथिड सोडल्यानंतर सात-आठ तासांनी हा त्रास सुरू झाला होता. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधील स्टीव्हंटन गावी मत्स्यपात्रातील प्रवाळ बाहेर काढून साफ करताना एकाच घरातील सहा जणांना विषबाधा झाली. मदतीस धावलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावयाची. खडकावर नको असलेले झोअँथिड वाढले की त्यावर उकळते पाणी ओतण्याचा मोह होतो. उकळते पाणी सर्व दोष हरते, अशी आपली घरोघरची श्रद्धा आहे, आणि दुधाच्या भांड्यापुरती ती खरीही आहे. परंतु हे विष उष्णतेने सहज नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर त्याचे सूक्ष्म कण हवेत पसरतात, आणि मग खडकास हात न लावलेला माणूस, शेजारच्या खोलीत निजलेले मूलसुद्धा, बाधित होऊ शकते. कोरड्या खडकावर ब्रश घासणे हेही तितकेच घातक. हातावरील लहानशा जखमेतून विष अंगात जाते. डोळ्यात शिंतोडा उडाल्यास बुबुळास गंभीर इजा होते.

म्हणून खडक पाण्याखाली ठेवूनच काम करावे. रबरी हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असावा, मुलांना दूर ठेवावे. त्रास जाणवताच खिडक्या उघडून सर्वांनी घराबाहेर पडावे व दवाखाना गाठावा. विंचूदंशावर प्राझोसीन हे औषध उपयोगी पडते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले; पॅलिटॉक्सिनवर मात्र उतारा नाही, लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. यास्तव घरात झोअँथिड आहेत ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी. ती त्यांना अन्यथा सुचणे कठीण. लघवीचा रंग गडद झाल्यास तेही सांगावे, कारण ते स्नायू झिजत असल्याचे चिन्ह असू शकते.

खरेदीपूर्वी कायदाही पाहावा. प्रवाळखडक घडविणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते बाळगणे हा गुन्हा ठरतो.

झोअँथिड टाकून द्यावयाचे झाल्यास मत्स्यपात्राबाहेर, मोकळ्या हवेत, एक भाग घरगुती ब्लीचचे द्रावण व दहा भाग पाणी यांच्या ताज्या मिश्रणात निदान अर्धा तास बुडवून ठेवावे. ते पाणी विहिरीजवळ, अथवा जाम व कन्हान नद्यांना मिळणाऱ्या नाल्यात ओतू नये.