पाचोळ्याचे मोल : अंगणातील खत आणि आच्छादन

माघ-फाल्गुनात पानगळ सुरू झाली की पूर्वी आमच्या विद्यालयाच्या आवारात श्रमदानानंतर पाचोळ्याचा ढीग पेटविला जात असे. त्याचा धूर वसतिगृहाच्या खिडक्यांतून आत शिरे आणि दम्याचा त्रास असलेली मुले दिवसभर खोकत राहत. पुढे वैशाखात याच आवारातील रोपे माना टाकू लागत आणि हीच मुले बादल्या वाहून त्यांना पाणी घालीत. जे जाळले तेच रोपांच्या आळ्यांत पसरले असते, तर धूर झाला नसता आणि पाण्याच्या कित्येक खेपाही वाचल्या असत्या. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला आम्हांला काही वर्षे लागली. त्या काळात जे शिकलो ते येथे मांडीत आहोत. ज्यांच्या दारापुढे चार झाडे आहेत, त्या सर्वांना ते उपयोगी पडावे.

खत आणि आच्छादन

प्रथम दोन शब्दांतील भेद समजून घेऊ. कंपोस्ट खत म्हणजे पूर्ण कुजून मातीसारखा झालेला सेंद्रिय पदार्थ. तो मातीत मिसळावयाचा असतो. आच्छादन म्हणजे न कुजलेला वा थोडा कुजलेला पाचोळा, पाचट, लाकडाचे बारीक तुकडे; ते मातीवर पसरावयाचे असते. खत मातीचा पोत सुधारते व पिकाला अन्न पुरविते. आच्छादन ऊन अडविते, ओलावा राखते, तण दाबते आणि पावसाच्या माऱ्याने माती वाहू देत नाही.

ढीग कुजतो कसा?

ढीग कुजवितात ते डोळ्यांना न दिसणारे जीवाणू व बुरशी. त्यांना कर्ब, नत्र, पाणी आणि हवा या चारही गोष्टी लागतात. वाळल्या पानांत कर्ब अधिक. भाजीची देठे, फळांच्या साली, हिरवे गवत व शेण यांत नत्र अधिक. नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग असले की कुजण्याची क्रिया चांगली चालते. घरगुती हिशेब सोपा आहे : ओल्या कचऱ्याच्या एका टोपलीमागे वाळल्या पाचोळ्याच्या दोन ते तीन टोपल्या. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. ढिगाला दुर्गंधी आली तर पाणी जास्त किंवा हवा कमी आहे असे समजावे आणि कोरडा पाचोळा घालून ढीग उलटावा.

या शास्त्राचा आपल्या भूमीशी जवळचा संबंध आहे. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी प्रयोगांती जी पद्धत बसविली, ती त्यांच्या १९३१ च्या ग्रंथातून जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून पोहोचली. तीत थर रचून ढीग ठरावीक काळाने उलटतात आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांचे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच टाके सुचविले. त्याच्या भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवलेली असल्याने ढीग उलटण्याचे श्रम वाचतात. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘नाडेप’ म्हणून ओळखले जाते.

आमची एक चूक

पहिल्या वर्षी घाईने आम्ही अर्धवट कुजलेले खत मेथीच्या वाफ्यात मिसळले. आठवड्याभरात रोपे पिवळी पडली. बी वाईट निघाले असे मुलांना वाटले. पण दोष आमचा होता. न कुजलेला पाला मातीत गेला की त्यावर जगणारे जीवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोपाच्या वाट्याला काही उरत नाही. मुलांनी महिनाभर राखलेला वाफा आम्हांला त्यांच्यासमोरच मोडावा लागला. तेव्हापासून पारख केल्यावाचून आम्ही खत वापरीत नाही. पक्के खत काळसर व भुसभुशीत असते, त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो आणि ढीग आतून गरम लागत नाही. तरीही शंका असल्यास त्यात अळिवाचे दाणे पेरून पाहावे. ते नीट उगवून हिरवे राहिले तर खत निर्धोक.

आच्छादन कसे घालावे?

आच्छादनाची जाडी ५ ते १० सेंटिमीटर पुरते. ते बुंध्याला टेकवू नये, चार बोटे जागा मोकळी सोडावी. नाहीतर साल सतत ओली राहून कुजते. वाळवी दिसल्यास आच्छादन बाजूला सारून पाहणी करावी. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर भर पावसाळ्यात थर पातळ करावा.

येथे थोडे गणित करू. आळ्याची त्रिज्या १ मीटर असेल तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. थर ८ सेंटिमीटर, म्हणजे ०.०८ मीटर. गुणाकार सुमारे ०.२५ घनमीटर, म्हणजेच २५० लिटर. २० लिटरच्या साडेबारा बादल्या! एका झाडाच्या आळ्याला इतका पाचोळा लागतो हे कळल्यावर तो पेटविण्यास हात धजावत नाही.

विकतचे खत

शहरातील कचऱ्यापासून केलेले खत आणल्यास ते प्रथम चाळून घ्यावे. काच व प्लॅस्टिकचे तुकडे त्यात आढळतात. हाताळताना खत किंचित ओले करावे, म्हणजे धूळ नाकात जात नाही. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. कुंडीसाठी खताचा भाग एक तृतीयांशाहून अधिक नसावा. घरच्या ढिगात मांस, तेलकट अन्न किंवा रंग दिलेल्या लाकडाचा भुसा घालू नये.

आता आवारात पाचोळा जळत नाही. पानगळीत मुले तो झाडांखाली पसरतात, उरलेला टाक्यात भरतात. उन्हाळ्यात आच्छादन हलक्या हाताने सारले तर खाली माती ओली व गार लागते. नव्या विद्यार्थ्यांना आम्ही पहिला धडा तिथेच, मातीवर हात ठेवून देतो. वाचकांनीही येत्या पानगळीत काडेपेटी दूर ठेवून एका झाडापुरता हा प्रयोग करून पाहावा, एवढीच विनंती.