सात जणांच्या खांद्यावरचं प्रवचन

गोव्याच्या सहलीत मुलं जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकात जातात, संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी पाहतात नि फोटो काढून बाहेर पडतात. बाजूच्या भिंतीवरचं लाकडी पुलपिट तसंच राहून जातं. पुढच्या वेळी तिथे पाच मिनिटं थांबा.

पुलपिट म्हणजे धर्मगुरूंनी उभं राहून प्रवचन करायचा उंच सज्जा. या चर्चचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये ते पूजेसाठी खुलं झालं. तेव्हा माईक कुठला! मागच्या माणसाला दिसावं आणि ऐकू यावं म्हणून बोलणारा उंचावर.

आता कोरीव काम पाहा. तीन बाजूंवर येशू, शुभवर्तमानं लिहिणारे मत्तय, मार्क, लूक, योहान आणि चर्चचे चार मोठे आचार्य. म्हणजे वरून जे सांगितलं जाणार, ते कुणी लिहिलं आणि कुणी उलगडून दाखवलं, हे सज्ज्यावरच कोरलंय. वाचता न येणाऱ्यालाही ते कळावं. आणि या सगळ्यांच्या खाली सात आकृती, जणू सगळा भार अंगावर घेतलेल्या.

मला या सात जणांबद्दलच जास्त बोलायचंय.

आमच्या कामतघरच्या वर्गात वेगवेगळ्या प्रांतांतली, धर्मांची मुलं आहेत. चर्चचं चित्र दाखवलं की "हे आमच्यात नसतं" असं पटकन येतं. म्हणून मी शेजारी आपल्या जुन्या दगडी मंदिरांतल्या खांबांवरचे कीचक दाखवते, हात वर करून छत पेलणारे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या तळाशी असलेली हत्तींची रांगही दाखवते. मग विचारते, या सगळ्यांत सारखं काय? उत्तर लगेच येतं, "बाई, हे सगळे ओझं उचलतायत." एकाने तर थेट सांगितलं, "माझे पप्पा कापडाचे तागे असेच खांद्यावर घेतात."

इथे घाई करू नका. भार खरंच या आकृत्यांवर आहे का, की भिंतीवर? मग त्या कोरल्या कशाला? मुलांना भांडू द्या. (आमच्याकडे तास संपला तरी निकाल लागला नव्हता.) गोव्यातल्या इतर काही पुलपिटांखाली नागिणी आहेत, वर बाई आणि खाली सापाची शेपूट. विषय ख्रिस्ती, हात मात्र इथल्या कारागिरांचे. ते अशा ठिकाणी दिसतं.

चौथीच्या पुढच्या मुलांना मातीचा गोळा द्या, एकच सूचना करा: भार उचलणारं कुणीही बनवा. आमच्याकडे हमाल झाले, बैल झाला, आणि कडेवर भाऊ घेतलेली एक मुलगी.