भाद्रपदातील दोन पर्वे : जैन धर्माचा अल्प परिचय

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घरामागील सामाईक मोरीवरून आमचा शेजारच्या जैन कुटुंबाशी तंटा झाला आणि दोन पावसाळे परस्परांशी बोलणे बंद राहिले. त्या वर्षी अनंत चतुर्दशीस आमच्या गणपतीचे विसर्जन झाले. पौर्णिमा उलटून प्रतिपदेची सकाळ उजाडली, तो त्या घरातील वयोवृद्ध गृहस्थ आमच्या दारी हात जोडून उभे ! ‘जाणता-अजाणता आमच्याकडून आपले मन दुखावले असेल, तर क्षमा असावी,’ एवढेच ते बोलले. आम्ही ओशाळून ‘छे, छे, आपली कसली चूक !’ असे म्हणून त्यांना बसवून घेतले. ते गेल्यावर ध्यानी आले की, क्षमा त्यांनी मागितली. आम्ही मागितली नाही. आणि चूक तर आमचीही होती.

इंदूरच्या मराठी कुटुंबांची घरे जैन घरांना पिढ्यान्‌पिढ्या लागून आहेत. तरीही ‘ते सूर्यास्तापूर्वी जेवतात व कांदा-बटाटा खात नाहीत’ यापलीकडे आपले ज्ञान सहसा जात नाही. ही उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. महावीरांनी जैन धर्म स्थापिला, असे पुष्कळांस वाटते. जैन परंपरेनुसार मात्र ते चोवीस तीर्थंकरांपैकी शेवटचे होत. तीर्थंकर म्हणजे संसारनदीला उतार करून देणारा. पहिले तीर्थंकर ऋषभदेव. नाभिपुत्र ऋषभ व त्यांचा पुत्र भरत यांची कथा आपल्या श्रीमद्भागवताच्या पंचम स्कंधातही आहे. तेविसावे पार्श्वनाथ हे ऐतिहासिक पुरुष होते, असे बहुतेक संशोधक मानतात. महावीरांचा जन्म परंपरेप्रमाणे इ. स. पूर्वी 599 मध्ये वैशालीजवळ, राजा सिद्धार्थ व त्रिशला यांच्या पोटी झाला. तिसाव्या वर्षी त्यांनी गृहत्याग केला, बारा वर्षे कठोर तप करून केवलज्ञान मिळविले आणि बहात्तराव्या वर्षी, इ. स. पूर्वी 527 मध्ये, पावापुरी येथे त्यांचे निर्वाण झाले. काही इतिहासकार हा काळ थोडा अलीकडे ओढतात. तो दिवस आश्विन अमावास्येचा. आपल्या घरी लक्ष्मीपूजन होत असते, त्याच दिवशी जैन मंदिरांत निर्वाणोत्सव होतो.

आता तत्त्वाकडे वळू. जैन दर्शन जगाचा कर्ता असा ईश्वर मानत नाही. एवढ्यावरून त्यास नास्तिक म्हणून मोकळे होणे न्याय्य नव्हे. आत्मा, पुनर्जन्म, कर्म व मोक्ष या चारही गोष्टी तेथे पूर्ण निष्ठेने मानल्या जातात. भेद आहे तो कर्मफळाविषयी. आपल्या भक्तिमार्गात फळ देणारा परमेश्वर आहे व तो कृपाही करितो. जैन मताप्रमाणे कर्म हे सूक्ष्म द्रव्यच आहे. क्रोध, मान, माया व लोभ या चार कषायांनी आत्मा जणू चिकट होतो आणि कर्माची धूळ त्यास येऊन लागते. नव्या धुळीची वाट अडविणे हा ‘संवर’. लागलेली झाडून टाकणे ही ‘निर्जरा’. आणि आत्मा सर्वस्वी निर्मळ होणे हा ‘मोक्ष’. हे काम दुसरा कोणीही करून देऊ शकत नाही. मंदिरातील जिनमूर्तीपुढे भाविक नतमस्तक होतो, तो वर मागण्यासाठी नव्हे. ज्या वाटेने जिन गेले, त्या वाटेचे स्मरण राहावे म्हणून.

ती वाट सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान व सम्यक् चारित्र्य या तीन रत्नांची. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह ही पाच व्रते साधू संपूर्णपणे पाळतात, तेव्हा ती महाव्रते होत. गृहस्थ यथाशक्ति पाळतो, ती अणुव्रते. पाणी गाळून पिणे व रात्री न जेवणे हे नियम अहिंसेतूनच निघाले. आपणही चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करितो व त्यापूर्वी कांदेनवमी हौसेने साजरी करितो. पण आपला तो चार मासांचा नेम. जैनांच्या मते एका कंदात अनंत जीव वसतात, म्हणून श्रद्धाळू जैन कंदमुळे बारा मास टाळतो. दोघांचे पान सारखे दिसले, तरी त्यामागील विचार निराळा असतो.

याच दर्शनाची दुसरी देणगी अनेकांतवाद. कोणतीही वस्तू अनेक अंगांची असते. आपल्याला दिसते ते एक अंग. म्हणून आपले म्हणणे ‘या दृष्टीने असे आहे’ इतक्याच मर्यादेत सत्य असते. सर सेठ हुकूमचंद यांनी इतवारिया बाजारात बांधविलेले काच मंदिर आपण पाहिले असेलच. भिंती, खांब, छत, जमीन, सर्वत्र काचकाम. तेथे उभे राहिले की एकाच मूर्तीची अनेक प्रतिबिंबे दिसतात. दोन पावले सरकावे, तो निराळीच दिसू लागतात. मूर्ती मात्र आपल्या जागी स्थिर असते. अनेकांत समजावयास याहून सोपा दृष्टांत आम्हास सुचत नाही.

जैन धर्माचा व मराठीचा संबंध फार जुना आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला लेख मराठीतील प्राचीन लेखांत गणला जातो. ज्या महाराष्ट्री प्राकृतातून मराठी उमलली, तिच्यात विमलसूरींनी ‘पउमचरिय’ ही रामकथा रचिली. तीत रावणाचा वध राम नव्हे, तर लक्ष्मण करितो; कारण मोक्षगामी रामाच्या हातून हिंसा घडावी, हे जैन कवीस मान्य नव्हते. वेरूळच्या एकाच डोंगरात बौद्ध, वैदिक व जैन लेणी शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यांपैकी 30 ते 34 ही जैनांची. अलीकडच्या काळात दिगंबर मुनिपरंपरेस नवे चैतन्य देणारे आचार्य शांतिसागर बेळगाव भागातील भोजचे. 1955 साली त्यांनी कुंथलगिरी येथे सल्लेखनापूर्वक देह ठेविला. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापून बहुजनांच्या मुलांस शिक्षणाचे दार उघडणारे कर्मवीर भाऊराव पाटील हेही जैन कुळातलेच. आपल्या माळव्या-निमाडातही बडवानीजवळ बावनगजाची 84 फूट उंच आदिनाथमूर्ती सातपुड्याच्या खडकात उभी आहे, आणि ओंकारेश्वराजवळ सिद्धवरकूट हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे.

आता भाद्रपद. श्वेतांबरांचे पर्युषण आठ दिवसांचे असून गणेश चतुर्थीच्या सुमारास संवत्सरीने पुरे होते. दिगंबरांचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीस आरंभ होऊन अनंत चतुर्दशीस संपते. म्हणजे आपला गणपती घरी असतो, नेमके तेच दिवस. आरंभ उत्तम क्षमेने, शेवट उत्तम ब्रह्मचर्याने. मध्ये मार्दव, आर्जव, सत्य, शौच, संयम, तप, त्याग व आकिंचन्य. त्या चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झांक्या निघतात. ज्या गिरण्यांनी ही प्रथा रुजविली, त्यांतील हुकूमचंद मिल 1991 साली बंद पडली. झांक्या मात्र थांबल्या नाहीत. रस्त्यावर आपला उत्सव गर्जत असतो आणि शेजारच्या घरी कोणी निर्जल उपवास करून बसलेले असते. पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेस दिगंबरांची क्षमावाणी; आपल्या पंचांगात ती भाद्रपद वद्य, तर उत्तरेकडील पंचांगात आश्विन वद्य प्रतिपदा.

श्वेतांबर बंधू संवत्सरीस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. माझे दुष्कृत्य मिथ्या होवो, असा त्याचा अर्थ. या क्षमेत कोण किती चुकला, याचा हिशेब नसतो. जो क्षमा मागतो, तो आपल्या अंतरीचा क्रोध व अभिमान उतरवून ठेवितो. म्हणून ‘आपली कसली चूक’ हे आमचे उत्तर सभ्य असले, तरी अपुरे होते. त्यात आम्ही आमचा अभिमान तसाच जपून ठेविला होता.

ते गृहस्थ पुढच्या वैशाखात निवर्तले. आमचे मागणे राहून गेले, ते राहिलेच. भाद्रपद वद्य प्रतिपदेस आम्ही त्यांच्या चिरंजीवांकडे गेलो व हात जोडले. त्यांनीही हात जोडले. मोरी दोघांनी मिळून त्याच आठवड्यात दुरुस्त करविली. दोन वर्षे अडलेले ते काम एका दिवसाचे होते.

शेजाऱ्याचा धर्म समजून घेतल्याने आपला धर्म उणा होत नाही. आपल्याही पूजेच्या शेवटी क्षमाप्रार्थना असतेच. ती आपण देवापुढे म्हणतो. ज्यास दुखविले, त्या माणसापुढेही ती म्हणावयाची असते, हा धडा आम्ही शेजारच्या घरून घेतला.

मुलांसमवेत विचार करावा :
1. कर्माचे फळ कोण देतो, याविषयी आपले व जैनांचे मत कोठे जुळते व कोठे भिन्न होते ?
2. अनंत चतुर्दशी आपल्याकडे व जैनांकडे कशी पाळली जाते ?
3. यंदाच्या प्रतिपदेस आपण कोणाच्या दारी जावयास हवे ?