दुधीचे फूल आणि बियाण्याच्या पाकिटावरील शब्द

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगतच्या बोम्मसंद्रा या औद्योगिक परिसरापर्यंत ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका धावू लागली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीमुळे येथील हवा सौम्य असते, त्यामुळे दुधीचा वेल वर्षाचा बराच काळ घेता येतो. बाजारात तो ‘सोरेकाई’ या कन्नड नावाने मिळतो. मात्र उंच मजल्यावरच्या सज्जात दुधी लावणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: वेल पसरला, फुले भरपूर आली, पण सगळी ‘वांझ’ निघाली.

ही फुले वांझ नसतात, ती नर असतात. दुधीची फुले एकलिंगी आहेत. पुंकेसर असलेले नर फूल आणि अंडाशय असलेले मादी फूल एकाच वेलावर, पण वेगवेगळे येते. बारीक लांब देठावरचे ते नर. पाकळ्यांच्या खाली इवलासा लवदार दुधी दिसतो ते मादी. आधी नर फुले येतात, संख्येनेही तीच जास्त असतात आणि उमलून गळून जातात. या काळात घाबरून खत वाढवू नये. नत्र अधिक झाल्यास पाने माजतात आणि मादी फुले आणखी लांबतात. मादी फुले मुख्यतः उपशाखांवर धरतात, म्हणून वेल मांडवावर चढताच त्याचा शेंडा खुडतात.

मादी फूल आले तरी परागीभवन व्हावे लागते, म्हणजे नर फुलातील परागकण मादी फुलाच्या कुक्षीवर पोहोचावे लागतात. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडे प्रामुख्याने निशाचर पतंग येतात. बाराव्या मजल्यावर ते येतीलच असे नाही. तेव्हा संध्याकाळी ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवावा. भोपळा व काकडीची फुले सकाळी उमलतात, त्यांना हेच काम पहाटे करावे. टोमॅटो, वांगी व मिरचीची फुले द्विलिंगी आणि बहुतांशी स्वपरागीभवन करणारी असतात. वारा नसेल तर फुलांचा घोस बोटाने टिचकवला तरी पुरते.

याच ज्ञानावर पुढच्या हंगामाचे बियाणे अवलंबून आहे. हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का विकास’ हा टोमॅटो सरळ वाण आहे. त्याचे बी राखून पुन्हा पेरता येते. त्याच संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण आहे. पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो प्रतिकारक आहे, परंतु त्याच्या फळातले बी पेरल्यास पुढच्या पिढीत गुण विखुरतात. पाकिटावर ‘संकरित’ लिहिले असेल तर बी दरवेळी नवे घ्यावे.

दुधीत आणखी एक पेच आहे. ‘अर्का बहार’ हा सरळ वाण असला तरी दुधी परपरागीभवन करणारे पीक आहे. शेजारच्या सज्जात कडू भोपळ्याचा वेल असेल तर त्याचे पराग आपल्या फुलावर येऊ शकतात. आपला दुधी त्या हंगामात कडू होत नाही, कारण गर मातृवेलाचाच असतो. संकर होतो तो आतल्या बियांत. त्या बिया पेरल्यावर कडवटपणा प्रकटतो. म्हणून बियाण्यासाठी राखायच्या नर व मादी कळ्या उमलण्यापूर्वीच दोऱ्याने बांधाव्यात, हाताने परागीभवन करून मादी फूल पुन्हा कागदी पिशवीत झाकावे आणि देठाला खूण बांधावी.

कारले कडू असायचेच. दुधी मात्र कडू लागता कामा नये. त्यातील कुकुर्बिटासिन शिजवूनही नष्ट होत नाही, आणि कडू दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. घरच्या वेलाचा असला तरी प्रत्येक दुधीचा लहानसा तुकडा चिरतानाच जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास तो थुंकून सबंध फळ टाकून द्यावे आणि त्या वेलाचे बी राखू नये.